बोलून टाइप करायचा कीबोर्ड नव्या अँड्रॉइडवर गप्प बसला तर

भाऊ, जुन्या फोनवर चालणारा कीबोर्ड नव्यावर आवाज ऐकत नसेल, तर लगेच सगळा कोड उकरू नकोस. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसरी ॲप आपोआप दिसत नाहीत. मॅनिफेस्ट म्हणजे ॲपची माहिती देणारी फाइल; तिच्यातल्या 'क्वेरीज' या यादीत रेकग्निशन सर्व्हिस, म्हणजे बोलणं ओळखणारी फोनमधली सेवा, नोंदवली का, ते आधी पाहा.

खरी गोम अँड्रॉइड १२ मध्ये आहे. वरच्या पट्टीतून माइक बंद केला तरी परवानगी 'आहे' असंच दिसतं अन् ॲपला नुसती शांतता मिळते. दारव्ह्याकडचा शेतकरी मग समजतो, की आपली वऱ्हाडीच फोनले कळत नाही, अन् बोलणंच सोडतो. हे होऊ देऊ नकोस, गड्या. आवाजाची पातळी शून्यावरच राहिली तर 'माइक बंद दिसतो, वरून चालू करा' असं मराठीत दाखव.

परवानगी थेट कीबोर्डातून मागता येत नाही, वेगळी ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची स्वतंत्र स्क्रीन, उघडावी लागते. '११' पासून ती फक्त एका वेळेपुरतीही देता येते, म्हणून माइकचं बटण दाबलं की दरवेळी तपास.

रेंज नसलेल्या शिवारासाठी '१२' मध्ये इंटरनेटशिवाय फोनवरच बोलणं ओळखणारा ओळखक मागता येतो. त्यात मराठी आहे का, हे '१३' पासून कोडातूनच विचारता येतं.