टोटल लॉस झालेल्या जुन्या गाडीचा दावा: आयडीव्ही की बाजारभाव?

प्रश्न: मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो. माझ्या 2013 च्या पेट्रोल हॅचबॅकला बुटीबोरीजवळ ट्रकने मागून धडक दिली आणि चेसिस वाकली. चार महिन्यांपूर्वी नूतनीकरण केलेल्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या विम्यात) आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात ठरवलेली किंमत, 2,40,000 रुपये आहे. वर्कशॉपचे एस्टिमेट 2,65,000 आले. कंपनीने ईमेलने कळवले आहे की गाडी टोटल लॉस (दुरुस्त करणे परवडणार नाही अशी) आहे, परंतु बाजारभाव 1,60,000 च धरला जाईल आणि गाडी ठेवून घेतल्यास साल्व्हेजचे, म्हणजे मोडक्या गाडीच्या भंगार किमतीचे, 55,000 वजा होतील. ‘पूर्ण व अंतिम’ संमतिपत्रावर सही करावी का?

उत्तर: सध्या करू नये. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही ठरावीक घसारा-तक्त्याने निघते, तर त्याहून जुन्या गाडीची कंपनी आणि विमेदार यांच्या परस्पर संमतीने ठरते. म्हणजेच गाडी किती जुनी आहे हे ठाऊक असूनच कंपनीने 2,40,000 हा आकडा मान्य केला आणि त्यावर प्रीमियम घेतला. टोटल लॉसच्या दाव्यात पॉलिसीच्या मुदतीत पुढील घसारा न लावता आयडीव्ही हेच बाजारमूल्य मानावे, अशी शर्त पॅकेज पॉलिसीतच असते. नूतनीकरणाच्या वेळी स्वीकारलेली किंमत कंपनीला नंतर मनमानीपणे खाली आणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2008 च्या निकालात स्पष्ट केले आहे.

एक खाच मात्र ध्यानात ठेवावी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून, म्हणजे आपल्या बाबतीत 1,80,000 हून, अधिक झाला की टोटल लॉस धरतात. पण तो खर्च ‘पॉलिसीच्या शर्तींच्या अधीन’ मोजायचा असतो आणि दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा लागतो. आपण ताणून धरल्यावर कंपनी या शब्दांचा आधार घेऊन ‘मग गाडी दुरुस्तच करून घ्या’ असे म्हणू शकते, आणि तसे झाल्यास सुट्या भागांचा बराचसा खर्च आपल्याच खिशातून जाईल. त्यामुळे टोटल लॉस मान्य करणारी ती ईमेल जपून ठेवावी आणि सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागावी.

घासाघीस करायचीच तर ती साल्व्हेजच्या आकड्यावर करावी. गाडी कंपनीच्या हवाली केल्यास, 1500 सीसीपर्यंतच्या कारसाठी असलेली 1,000 रुपयांची सक्तीची वजावट जाऊन 2,39,000 मिळायला हवेत. गाडी ठेवल्यास, साल्व्हेज 55,000 धरले तरी 1,84,000. कंपनीच्या हिशेबाने हातात जेमतेम 1,04,000 पडतात. हे 55,000 कोणाच्या बोलीतून आले ते विचारावे, आणि स्थानिक भंगार व्यावसायिकांकडून स्वतःही लेखी भाव घ्यावेत. ते कमी आले तर वजावट तेवढी उतरवून मागता येते. चेसिस वाकलेल्या जुन्या गाडीत पुन्हा पैसा घालणे मला स्वतःला शहाणपणाचे वाटत नाही.

कंपनीला एवढेच लिहावे: ‘टोटल लॉस मान्य आहे. देय रक्कम 2,40,000 या आयडीव्हीवर काढावी आणि साल्व्हेजच्या बोलींच्या प्रती द्याव्यात. आपल्याकडून होणाऱ्या विलंबाच्या काळातील वर्कशॉपचे पार्किंग भाडे आपल्यावर राहील.’

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावे. नागपूर पुणे कार्यालयाच्या कक्षेत येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, किंबहुना चालतच नाही. दुसरा मार्ग नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा असून त्याची मुदत दोन वर्षांची आहे. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते हाती घेत नाहीत, म्हणून आधी लोकपालांकडेच जाणे सोयीचे.

शेवटी गाडी सोडण्याचे ठरले, तर ती उचलायला येणारा माणूस फॉर्म 29 आणि 30 या गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जांवर कोऱ्या सह्या मागण्याची शक्यता असते. त्या देऊ नयेत. आरसी रद्द झाल्याचा किंवा हस्तांतरणाचा कागद हाती येईपर्यंत आरटीओच्या दप्तरी मालक आपणच असता, आणि पुढे त्या गाडीने कोणाला धडक दिली, तर भरपाईच्या दाव्याची नोटीस मानेवाड्याच्या पत्त्यावर येईल.