कोच झालास, आता हे ऐक
पतियाळ्याचा एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा झाला, कॉलेजात ॲथलेटिक्सचा कोच म्हणून लागलास, छान. पहिले सहा महिने टायमिंगच्या मागे लागू नकोस. पोरं पहाटे ग्राउंडवर काय खाऊन येतात ते बघ. माझी एक चारशे मीटर पळणारी मुलगी शेवटच्या शंभर मीटरमध्ये दर वेळी ढेपाळायची. मी आपला ‘स्टॅमिना, स्टॅमिना’ ओरडतोय, आणि ती आदल्या रात्रीपासून चहा-बिस्किटावर!

रिलेवर मात्र वेळ घाल. चार बाय शंभरला बॅटन बदलायचा झोन 2017 च्या अखेरीपासून 30 मीटरचा आहे. मागचा पळणारा कुठं पोचला की पुढच्यानं पळायला सुटायचं, ती खूण पावलं मोजून मुलांनाच लावू दे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तगडे संघ हमखास बॅटन पाडतात, तिथंच आपलं पदक.

आणि प्रवासाची बिलं परतल्या दिवशीच ऑफिसात टाक. माझी कितीतरी खिशातून गेलीत.