धक्काच बसत नाही, तर भूकंप कसला?

प्रश्न : सर, २६ जानेवारी २००१ च्या सकाळी मी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात पोहे परतत होते. फडताळातले डबे घरंगळत खाली आले, कढई तशीच टाकून आम्ही सगळे चौकात धावलो. परवा नातू म्हणाला, काही भूकंप आठवडेच्या आठवडे चालतात आणि कुणाला कळतसुद्धा नाहीत. मग त्याला भूकंप का म्हणायचं? आणि अशी हळूहळू ताकद निघून गेली तर मोठा भूकंप टळतो ना?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, नातवाचं खरं आहे. बडोद्यात ३० वर्षं भूशास्त्र शिकवताना मी पहिल्या तासाला एकच गोष्ट घोकून घ्यायचो : भूकंप म्हणजे हादरा नव्हे. जमिनीतल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, तो भूकंप. हादरा हा त्या सरकण्याचा परिणाम. सरकणं अगदी सावकाश झालं तर तुमचे डबे जागचे हलणार नाहीत, पण खडक मात्र सरकलेला असतो.

किती सावकाश? मोठ्या भूकंपात ही सरक भेगेवरून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर पसरते, म्हणजे बडोद्याहून अहमदाबादला पाऊण मिनिटात पोचेल. अशा मंद भूकंपात ती दिवसाला साधारण १० किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतराला अकरा दिवस!

हे कळलं ते जीपीएसमुळे. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाखाली ‘हुआन दे फुका’ नावाची समुद्रतळाची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा) वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने शिरते आहे. अशा जागेला सबडक्शन झोन म्हणतात. वरची आणि खालची प्लेट एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे किनारा जमिनीच्या दिशेने रेटला जातो. १९९९ च्या उन्हाळ्यात मात्र तिथली सात जीपीएस केंद्रं काही दिवस उलटी, समुद्राकडे सरकली. कॅनडाचे भूशास्त्रज्ञ हर्ब ड्रॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हिशेब मांडला : ३०० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद पट्टा सुमारे २ सेंटिमीटर सरकला होता. एका दमात सरकला असता तर ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला असता. तिकडे जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर विंधनविवरांत अतिशय संवेदनशील भूकंपमापकं बसवली होती. त्यांच्या नोंदींत भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारांना सुमारे ३० किलोमीटर खोलीवरून येणारी बारीक, लांबत जाणारी थरथर सापडली. व्हँकुव्हर बेटाखाली ती सरक आणि अशीच थरथर बरोबरच होतात, साधारण दर १४ महिन्यांनी, हे २००३ मध्ये समजलं. तिथल्या जीपीएस केंद्राच्या सरकण्याचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जेवायला उठायचं राहून गेलं होतं. करवतीच्या दातांसारखी रेघ, आणि दात किती नेमाने!

एवढं हळू का? दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट ढकलून पाहा. कोरड्या फरशीवर ते अडतं आणि मग धाडकन सरकतं. फरशी ओली असली की मुकाट्याने घसरतं. खाली जाणाऱ्या प्लेटमधली खनिजं तापून पाणी सोडतात. ते कोंडलं जाऊन प्रचंड दाबाने वरच्या खडकाला जणू उचलून धरतं, म्हणून भेग निसरडी होते. ती इतकी निसरडी असते, की समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर तिथली थरथर कमी-जास्त होते. कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडताना तुम्ही पाहिलं असेल. तसल्या पाण्याच्या वजनालाही ३० किलोमीटर खोलवरची भेग दाद देते, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, टळत नाही. सरकतो तो खालचा पट्टा. त्याच्या वरचा, समुद्राकडचा भाग घट्ट अडकलेलाच राहतो, आणि खालच्याने टाकलेला भार त्याच्यावर चढतो. व्हँकुव्हर बेटाच्या याच किनाऱ्यावर २६ जानेवारी १७०० ला सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. (तारीख तुमचीच, हा योगायोग.) चिलीत इकिकेला १ एप्रिल २०१४ च्या मोठ्या भूकंपाआधी मंद सरक नोंदली गेली होती. पण व्हँकुव्हरकडे नोंदी सुरू झाल्यापासून अशा कितीतरी सरका आल्या आणि गेल्या, मोठा भूकंप झालेला नाही. म्हणून मंद भूकंप दिसला की मोठा येणार, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोठा टळला, असं सांगितलं तरी ठेवू नका.

आणि तुम्ही अनुभवलेला २००१ चा कच्छचा भूकंप या जातीचा नव्हता. तो प्लेटच्या पोटात झाला, दोन प्लेटांच्या सीमेवर नाही. आपल्याला जवळचा सबडक्शन झोन मकरानचा, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा. १९४५ च्या नोव्हेंबरात तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती.

नातवाला एखाद्या रविवारी घेऊन या. तो करवतीचा आलेख मी छापून ठेवला आहे. दात त्यालाच मोजू द्या.