नाकावर एक नाव, उंबऱ्यावर दुसरं

प्रश्न : पणजीत जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत १९३४ची रोल्स-रॉईस पाहिली. दार उघडलं तर उंबऱ्यावर पितळी पट्टी, ‘पार्क वॉर्ड, लंडन’. बाबा म्हणतात, मूळ बॉडी गेली, कुणीतरी दुसरी चढवली. खरं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नुसत्या पट्टीवरून तसं म्हणता येत नाही. उलट, पट्टी नसती तर मी जास्त विचारात पडलो असतो.

त्या काळी रोल्स-रॉईस पूर्ण गाडी विकतच नसे. इंजिन, शॅसी म्हणजे चाकांवरचा खालचा सांगाडा आणि पुढचा तो देवळाच्या दर्शनीसारखा रेडिएटर, एवढंच त्यांचं. गिऱ्हाईक ते घेऊन बॉडी बांधणाऱ्याकडे जाई. हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली अशी नावं लंडनात होती. सोनं तुमचं, घडणावळ सोनारशेटाची, तसाच व्यवहार. पार्क वॉर्ड १९१९ साली सुरू झाली आणि १९३९ साली रोल्स-रॉईसने ती विकतच घेतली. राजकोटच्या राजांची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉईस १९३४चीच, तिची बॉडी थ्रप अँड मॅबर्लीची. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी तयार बॉडीच्या गाड्या देऊ लागली आणि १९६५च्या सिल्व्हर शॅडोत शॅसी व बॉडी एकच झाली. मग बांधणाऱ्यांना कामच काय उरणार?

पण बाबांची शंका अगदी फुकट नाही. बॉडी बदललेल्या गाड्याही खूप. आणि खरं-खोटं कळतं ते पत्र्यावरून नव्हे, आतल्या लाकडावरून. अशा बॉडीचा सांगाडा बहुतेक अ‍ॅशच्या लाकडाचा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.

म्हापशाला माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. मागचं दार लोंबत होतं. आधीच्या तिघांनी बिजागऱ्या आवळून पाहिलेल्या. मी आतलं कातडं सोडवलं आणि दाराच्या लाकडी खांबाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो पिकल्या चिकूत जावा तसा मुठीपर्यंत आत. कुण्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, कधीतरी फणसाचा तुकडा जोडून लोखंडी खिळे मारलेले. आपल्या पावसात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र ओले राहिले की काय होतं? खिळ्याभोवती पत्र्याची पांढरी भुकटी, बोट लावलं की भोक. (फणस वाईट नाही हो, खिळे वाईट.)

नवा खांब छान बसला. जुनं लाकूड मी घरी नेलं आणि न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली घातलं. अर्धं जळाल्यावर एका तुकड्यावर ठोकलेले आकडे दिसले. बॉडीचा नंबर! तीन आकडे वाचता आले, बाकी राख. मालकाला सांगायला मला आठ दिवस लागले.

तेव्हा त्या गाडीचे मालक पुन्हा भेटले तर पट्टीचा फोटो घ्या आणि बॉनेटखालचा शॅसी नंबर लिहून घ्या. इंग्लंडात रोल्स-रॉईसप्रेमींच्या क्लबकडे जुन्या शॅसींची कार्डं जपलेली आहेत. शॅसी कुणासाठी निघाली, बॉडीला कुठे गेली, ते त्यावर असतं. कार्डावर पार्क वॉर्ड निघालं तर बाबांना दाखवा. दुसरंच नाव निघालं, तर मलाही कळवा.