माझे केस बारीक आणि एकदम सरळ आहेत, कर्ल केले तरी तासाभरात सुटतात. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे, काय करता येईल?

महिन्याभरात केस दाट होत नाहीत, हे आधी सांगून टाकते. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, तोही लांबीला. जाडीला नाही. त्यामुळे '30 दिवसांत दाट केस' म्हणून जे जे विकतात त्यावर एक रुपयाही घालवू नका. त्या पैशात केसांना लावायचे चांगले आकडे आणि हेअर स्प्रे घ्या, निदान उपयोग तरी होईल.

तुम्ही प्रश्नाच्या खाली तपशिलात लिहिलंय, 'घरचे म्हणतात लहानपणी नीट तेल लावून घेतलं नाहीस म्हणून असे झाले'. खरं तर त्या ओळीसाठी मी लिहायला बसले. कर्लचं सांगते, पण आधी हे.

आमच्या घरात हे वाक्य माझ्या आत्याचं. आम्ही सोलापूरचे, बाळीवेशीतले. आत्याही त्याच गल्लीत दिलेली, त्यामुळे माझं डोकं लग्न होईपर्यंत तिच्या ताब्यात. तिचे स्वतःचे केस सत्तरी ओलांडल्यावर आजही असे आहेत की अंबाड्याला आकडे पुरत नाहीत. तिचं शास्त्र सोपं: रात्री कोमट खोबरेल, सकाळी घट्ट वेणी, रविवारी शिकेकाई, आणि शांपू म्हणजे विष. हे सगळं माझ्यावर वर्षानुवर्षं झालं. त्यातून निघालं काय, तर चप्प बसलेलं डोकं, भांगातून दिसणारी कातडी आणि पाठीवर करंगळीएवढी वेणी. शाळेत 'उंदराची शेपटी' म्हणायचे.

गल्लीत केसांवर भांडी देणाऱ्या बायका यायच्या, तुमच्याकडेही येत असतील. आत्याने गळलेल्या केसांचे गुंडे साठवून पातेलं घेतलं होतं. माझी पिशवी त्या बाईने बोटांनी चाचपली आणि परत दिली. "मऊ हाय, ह्याला वजनच न्हाई." बाईला दोन सेकंदांत कळलं ते आत्याला तीस वर्षांत कळलेलं नाही.

तर 1996 चा मे महिना. मला बघायला लातूरकडचे पाहुणे येणार होते. सोलापुरातला मे म्हणजे 42-43 अंश, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझ्या चुलतबहिणीने सकाळी मला नवी पेठेत एका पार्लरमध्ये नेलं. तिथे केस धुऊन, चिमट्याने पुढच्या बटा कर्ल केल्या. आरशात बघताना मला स्वतःची ओळख पटेना, इतकं छान दिसत होतं. रिक्षाने घरी येईपर्यंत डावी बाजू सरळ झाली होती. उजवी चहा होईपर्यंत टिकली. आत्या म्हणाली, "गेले पैसे पाण्यात. आण इकडं."

तिच्याकडे गड्ड्याच्या यात्रेत घेतलेलं गंगावण होतं, म्हणजे वेणीत घालायचे खोटे केस. तिने माझ्या केसांची मानेपाशी रबर लावून पोनी केली, पोनीचं बूड खालून वर विंचरून गुंतवलं, म्हणजे गंगावणाला पकड मिळेल. गंगावणाचा काळा दोरा त्यावर गुंडाळला, पेडात पेड घालून कमरेपर्यंत वेणी घातली आणि गाठ झाकायला वरून मोगऱ्याचा गजरा. इथपर्यंत मी तिला मानते. गंगावण लावायची ही रीत अगदी बरोबर आहे, बारीक केसांवर असंच लावावं लागतं. पण धुतलेले केस भुरभुरत होते, ते तिला बघवेना. म्हणून शेवटी तिने तळहातभर खोबरेल घेतलं आणि कपाळापासून गजऱ्यापर्यंत सगळं चापूनचोपून बसवलं.

पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलाची आई म्हणाली, "जरा मागं वळ गं, केस बघू." मी वळले. त्या बाईने वेणी हातात घेतली, उचलून जराशी तोलली. आणि गंगावण, गाठीसकट, शांतपणे खाली घसरलं. गजरा एका बाजूला लोंबायला लागला. बाबा पंख्याकडे बघत बसले.

आत्या म्हणाली, "टायफॉइड झाला होता हो हिला गेल्या वर्षी. सगळे गेले. आता यायलेत."

थाप तशी पटण्यासारखी होती. टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस खरंच भसाभसा गळतात आणि मग काही महिन्यांत परत येतात. त्या काळी घरटी एक उदाहरण असायचं. पण मला ते ऐकवलं नाही. मी तशीच वळले आणि म्हणाले, "मला टायफॉइड कधी झालाच नाही. माझे केस जन्मापासून असेच आहेत, बाबांसारखे." मुलाच्या आईने बाबांच्या डोक्याकडे पाहिलं. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळवूनच आले होते ते.

तेव्हापासून आत्याचं म्हणणं, "काय बोलायलीस ते कळत नव्हतं तुला. तोंडानं घालवलंस ते स्थळ." माझं म्हणणं, तुझ्या तेलाने घसरलं. कोरड्या गुंत्यावर ती गाठ रात्रीपर्यंत हलली नसती.

बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचे. कमी बोलायचे. त्या रात्री गच्चीवर ते मला सुताचा काउंट समजावून सांगायला लागले. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका काउंट. म्हणजे आकडा मोठा, तेवढं सूत बारीक. दहाच्या सुताचा टॉवेल आणि चाळिसाच्या सुताचं कापड, दोन्हींत धागे सारखेच मोजून घातले तरी हाताला एक जड लागणार, एक हलकं. "तू मोठ्या काउंटची आहेस, माल कमी नाही तुझ्यात," असं म्हणून ते झोपायला गेले. डोक्यावर 1 लाखाच्या आसपास केस असतात. बारीक केसांच्या माणसाला ते कमी असतात असं मुळीच नाही. माझा एकेक केस 0.05 मिलिमीटरच्या आसपासचा असेल, आत्याचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. विरळ केस आणि बारीक केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'पातळ' म्हणून तेल चोपडतात.

केसाची जाडी आणि तो सरळ की कुरळा हे मुळाशी ठरतं, कातडीच्या आत, आणि ते बहुतांशी आईबापांकडून येतं. वरून लावलेलं तेल त्यात ढवळाढवळ करत नाही. जावळ काढूनही काही होत नाही. पुरावा तर घरातच आहे: आत्या आणि बाबा सख्खे भाऊ-बहीण. एकच आजी, एकच तेलाची बाटली, एकाच पाटावर बसवून दोघांच्या डोक्याला मालिश. एकाचे केस असे आणि एकाचे तसे. तेलाचा गुण असता तर बाबांना काय आजीने पाणी लावलं होतं? हा प्रश्न मी आत्याला कित्येकदा विचारलाय. ती म्हणते, पुरुषांचं वेगळं असतं.

माझ्या मुलीचे केस तिच्या वडिलांवर गेलेत, दाट आणि जाड. त्याचं श्रेय आत्या सुट्टीत लावलेल्या तेलाला देते.

तेलावर माझा राग नाही हो. खोबरेल केसाच्या आत थोडं मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, हे खरंच आहे. पण बारीक केसाला ते धुण्याच्या आदल्या रात्री, आणि टोकांना. रोज मुळाशी लावलं तर केस डोक्याला चिकटून बसणार आणि मग सगळे म्हणणार, किती कमी केस आहेत गं तुझे.

आता तुमचं लग्न. म्हणजे भावाचं.

कर्ल सुटतात त्याचं कारण असं की केसाच्या आत प्रथिनांच्या साखळ्या असतात, त्या एकमेकींना वेगवेगळ्या बंधांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के, हायड्रोजनचे कच्चे. चिमट्याची उष्णता फक्त कच्चे बंध मोडते आणि केस गार होताना ते नव्या वळणात परत जुळतात. ओल लागली की पुन्हा मोडतात: घाम, वाफ, पावसाळी हवा, काहीही. म्हणून सगळा खेळ गार होण्याचा आहे. पार्लरवाल्या ऐन सीझनमध्ये घाईत असतात, चिमटा काढला की गरम बट तशीच सोडून देतात. ती खाली येताना स्वतःच्या वजनानेच सरळ होते. तुम्ही ठामपणे सांगा की प्रत्येक बट गुंडाळून डोक्याशी पिनने लावा आणि सगळं डोकं गार झाल्याशिवाय एकही पिन काढू नका. नवरदेवाची बहीण आहात, इतकं सांगायचा हक्क आहे तुम्हाला.

केस आदल्या दिवशी धुवा, त्या सकाळी नको. ताजे धुतलेले बारीक केस फार सुळसुळीत असतात, ना कर्ल धरत ना पिन. कंडिशनर फक्त टोकांना. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे बोअरच्या पाण्यावर डोकं धुणं आलंच. जड पाण्याने केस राठ आणि निस्तेज होतात, तेव्हा शेवटचे दोन तांबे तरी साठवलेल्या नळाच्या पाण्याचे घ्या. ओलसर मुळांना मूस, म्हणजे केसांना लावायचा फेस, लावायचा, डोकं खाली करून वाळवायचं. चिमटा बारीक नळीचा, बट थोडीथोडी घ्यायची, उष्णता 150 अंशांच्या आसपास. बारीक केस 200 ला करपतात. नंतर स्प्रे, आणि कंगवा अजिबात लावायचा नाही, बोटं फिरवली की पुरे.

तरीही दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर संध्याकाळपर्यंत ते कर्ल राहणार नाहीत, हे धरूनच चला. अक्षता पडेपर्यंत मोकळे, मग सरळ अंबाडा. आत स्टफिंग घालायचं, त्यात लाजायचं काही नाही. आकडे एकमेकांना फुली होतील असे खोचायचे, समांतर खोचलेला आकडा बारीक केसातून हमखास निसटतो. गजरा हलका. चार पदरी गजरे माळण्याची हौस दाट केसांच्या बायकांना शोभते, आपल्या अंबाड्याला ते वजन पेलत नाही.

केस कापायची तयारी असेल तर खांद्यापर्यंत, टोकं एका रेषेत. लेअर कापू नका. पार्लरमध्ये 'लेअर केले की व्हॉल्यूम येतो' म्हणतात, ते जाड केसांचं. आपल्या केसांत लेअर मारले की खाली चार झिपऱ्या उरतात. मी गेली कित्येक वर्षं खांद्यापर्यंत ठेवते आणि लोक विचारतात की केस दाट कसे झाले.

पर्म, म्हणजे रसायनाने केस टिकाऊ कुरळे करायचा विचार मनात आला असेल तर या महिन्यात तरी नको. त्यात ते पक्के गंधकाचे बंध रसायनाने तोडून परत जोडतात, आणि बारीक केस त्यात लवकर तुटतो. माझ्या एका मैत्रिणीने साखरपुड्याच्या आधी केलं होतं. फोटोत तिने डोक्यावरून पदर घेतलाय.

एक राहिलंच. हे सगळं जन्मापासून बारीक केस असणाऱ्यांसाठी. तुमचे केस पूर्वी दाट होते आणि हल्ली विरळ व्हायला लागले असतील, भांग रुंद व्हायला लागला असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. थायरॉइड, शरीरातलं लोह हे तपासून घ्यावं लागतं. रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. बाळंतपणानंतरची गळतीही बहुतेकींची थांबते. बायोटिनच्या गोळ्या ज्यांना त्याची कमतरता आहे त्यांनाच लागू पडतात, आणि ती कमतरता सहसा नसते. आणि गंगावण लावणारच असाल तर एका दिवसापुरतं. रोज घट्ट ओढून बांधलं की कपाळावरचे केस मागे जातात आणि फार वर्षं असं केलं तर परत येत नाहीत.

लग्नाच्या आठवडाभर आधी पार्लरवालीकडून एकदा ट्रायल करून घ्या आणि डोकं संध्याकाळपर्यंत तसंच ठेवून बघा. ट्रायलचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, ते बुकिंग करतानाच विचारा. नंतर घासाघीस करायला गेलं की त्या फोन उचलत नाहीत.