गेलेल्या दाढांची जागा भरायची की तशीच ठेवायची?

प्रश्न : वय ५८. खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दोन्ही दाढा किडल्या, काढून आठ महिने झाले. डावीकडून जेवते. एक डॉक्टर दोन इम्प्लांट सांगतात, दुसरे काढती-घालती कवळी. मुलगा म्हणतो, खर्चाचं बघू नकोस. हे म्हणतात, चाललंय ना, राहू दे. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. ब्रिज होईल का? काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, पत्रात डॉक्टरांचं मत आहे, मुलाचं आहे, यजमानांचं आहे. तुम्हाला काय हवंय, ते कुठेच नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या कितीतरी बायकांचं असंच होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. चावायचं तुम्हाला आहे.

ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवून पक्क्या बसवलेल्या दातांचा, विषय आधी मिटवू. त्याला पुढे-मागे दोन्हीकडे दाताचा आधार लागतो. तुमच्या रिकाम्या जागेच्या मागे दातच उरलेला नाही. सगळा भार पुढच्या दातांवर टाकला तर तेही जातील.

कवळीला खर्च कमी आणि शस्त्रक्रिया नाही. पण दोनच दाढा असल्या तरी तिची पट्टी जिभेखालून पलीकडे न्यावी लागते. एका आजींनी अशी कवळी स्टीलच्या डबीत, रुमालात गुंडाळून आणली होती. तीळ, शेंगदाण्याचा कूट खाली शिरायचा, हिरडी सोलवटायची. मी दोनदा घासून नीट बसवून दिली, तरी ती डबीतच राहिली. त्याच वर्षी एका शेतकरीदादांना तशीच कवळी दिली, ते तिच्यावर बाजरीची भाकरी खातात आणि एक दिवस नसली तर बेचैन होतात. कवळ्या दोन्ही नीट बसत होत्या. आजींना तोंडात परकं काही नको होतं, दादांना भाकरी हवी होती.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. खालच्या जबड्यात तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन महिने लागतात. साखर आटोक्यात असेल तर मधुमेहातही करता येतो, म्हणून आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. खाली हाडात मज्जातंतूची नळी असते, तिला धक्का लागू नये म्हणून स्कॅन हवाच. आणि दोनच का? पुष्कळदा पुढच्या एका दाढेपुरता इम्प्लांट पुरतो, खर्चही निम्म्यावर येतो. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

तुमचे यजमानही अगदी चुकीचं बोलत नाहीत. नेदरलंडचे दंतवैद्य कायझर यांनी १९८१मध्ये दाखवलं, की पुढचे दात आणि उपदाढा (सुळ्यांच्या मागचे, दाढांच्या आधीचे दात) शाबूत असतील तर दाढांवाचूनही बहुतेकांचं भागतं. तुमची तर डावी बाजू पूर्ण आहे. फक्त खालून आधार नसला की वरची दाढ हळूहळू खाली उतरू शकते, मग पुढे दात बसवायला जागाच उरत नाही. म्हणून काहीच करायचं नाही ठरवलंत, तरी सहा महिन्यांनी ती दाढ दाखवत जा.

आता आठ दिवस एक करा. जेवताना काय टाळता, काय न चावता गिळता, ते वहीत लिहा. भाकरी, शेंगदाणे, मटण, काकडी, जे असेल ते. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि पहिल्यांदा तुम्ही बोला.