पगार आहे, पण सिबिल नाही. पहिलं क्रेडिट कार्ड कसं मिळवायचं?

वय २३, पहिली नोकरी, पगार वेळेवर जमा होतो, कुणाचं एक रुपयाचंही देणं नाही. तरी ‘क्रेडिट हिस्ट्री नाही’ म्हणून कार्डाचा अर्ज नाकारला गेला, आता लगेच दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू का, असं तुम्ही विचारलंय. नका टाकू. मी बँकेच्या कर्ज विभागात काम करते, असे अर्ज रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा सिबिल, म्हणजे उधारी कशी फेडली यावरून मिळणारा क्रेडिट स्कोअर, खराब नाही, तो अजून तयारच झालेला नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ज्याने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलं नाही, त्याच्या रिपोर्टवर आकड्याच्या जागी ‘एनएच’ (नो हिस्ट्री) किंवा उणे १ दिसतं. पगार, बचत खात्यातली शिल्लक, डेबिट कार्ड, यूपीआयने भरलेले पैसे यातलं काहीही स्कोअरमध्ये धरलं जात नाही. तिथे मोजली जाते फक्त उधारी आणि तिची परतफेड. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सुचवलंय. पण त्याचा अर्थ कर्ज द्यायलाच हवं असा होत नाही. उत्पन्न, नोकरीची स्थिरता बघून बँक नाही म्हणू शकते आणि म्हणते.

दारोदार अर्ज करण्याने नुकसान होतं ते असं. प्रत्येक अर्जागणिक ती बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची ‘इन्क्वायरी’ म्हणून नोंद राहते. माझ्यासमोर असे रिपोर्ट येतात ज्यात खात्यांचा रकाना कोरा आणि खाली इन्क्वायरींची रांग, सगळ्या एकाच महिन्यातल्या. माणूस कितीही सरळ असो, कागदावर तो पैशाच्या ओढगस्तीत असल्यासारखा दिसतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर मात्र काही बिघडत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम २०१७ पासून आहे. तो आजच काढा. नाव, जन्मतारीख, पॅन बरोबर आहे ना, आणि तुम्ही न घेतलेलं एखादं कर्ज तुमच्या नावावर दिसत नाही ना, हे बघा. चूक सापडली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.

आता खरा उपाय: एफडीवरचं कार्ड. थोडी रक्कम मुदत ठेवीत ठेवायची, बँक त्यावर लीन लावते, म्हणजे ती ठेव तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि ठेवीच्या ठरावीक टक्क्यांइतकी मर्यादा असलेलं कार्ड देते. पैसे बुडायची भीती नसल्याने इतिहासाचा प्रश्न सहसा येत नाही. ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. रिपोर्टवर हे कार्ड इतर कार्डांसारखंच नोंदवलं जातं, आणि तेच तर आपल्याला हवंय. लोकांना हे कमीपणाचं वाटतं. मला तरी यापेक्षा स्वच्छ सुरुवात माहीत नाही.

कार्ड आलं की त्यावर मोबाइलचं बिल, प्रवास असा नेहमीचाच खर्च करा, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत. बिल पूर्ण भरा, खात्यातून आपोआप कापलं जाईल असं लावून ठेवा. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ असा छोटा आकडा असतो, तो भरला की दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज लागतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर वर्षाला ४२ टक्के होतं. एखाद्या महिन्यात मोठी खरेदी झाली, तर बिल निघण्याआधीच थोडे पैसे भरून टाका, म्हणजे रिपोर्टला जाणारी बाकी लहान दिसते.

‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’वाली ॲप्स आणि झटपट कर्जं यांच्यापासून लांब राहा, हे मी कळकळीने सांगते. त्यातली बरीचशी रिपोर्टवर रीतसर कर्ज म्हणूनच चढतात, आणि किरकोळ रकमेचा विसरलेला हप्ताही थकीत दिसतो. आईवडिलांच्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड, घेता येतं, सोयीचंही आहे, पण त्याचं देणं मूळ कार्डधारकाच्या नावावर असतं. स्वतःचं नाव घडवायला त्यावर विसंबू नका. आणि मित्राला जामीन राहायचा प्रसंग आला तर नीट विचार करा; त्याने हप्ते चुकवले तर तुमचा रिपोर्टही डागाळतो.

साधारण सहा महिन्यांत रिपोर्टवर स्कोअर दिसू लागेल. तेव्हा पहिला अर्ज तुमचा पगार जिथे जमा होतो त्याच बँकेत करा, कारण तुमचं उत्पन्न तिथे कागदपत्रांशिवायही दिसतं. त्यांच्या ॲपमध्ये ‘प्री-अप्रूव्ह्ड’ ऑफर आली असेल तर ती आधी बघा. नवं कार्ड मिळालं म्हणून एफडीवरचं लगेच बंद करू नका, तेच तुमचं सगळ्यात जुनं खातं असेल.